कोळसा, पाणी आणि शेतकरी

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या वर्गांत मीं एक साधा प्रश्न विचारला : "आपल्या वर्गांतील दिवा कशाच्या योगानें लागतो?" मुलांनीं एका सुरांत उत्तर दिलें, "विजेच्या." "आणि आपली वीज मुख्यतः कशापासून होते?" "कोळशापासून." उत्तर बरोबर होतें व मी पुढच्या धड्याकडे वळणार होतों. इतक्यांत मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, पाण्यापासूनही होते. आमच्या गांवाजवळ कोळशाची खाण आहे. खाण जसजशी खोल गेली, तसतसें आमच्या विहिरीचें पाणी खालीं गेलें. बाबा म्हणतात, आपलें पाणी कोळशाबरोबर गेलें." कांहीं मुलें हंसलीं. मला मात्र हंसूं आलें नाहीं. त्या मुलाचें उत्तर क्रमिक पुस्तकांत नव्हतें, परंतु तें खोटेंही नव्हतें. त्या दिवशीं त्याचें समाधान होईल असें उत्तर मला देतां आलें नाहीं. म्हणून या विषयाची थोडी माहिती जमवून ती येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

आपल्या देशांत तयार होणाऱ्या विजेपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज आजही कोळशापासून होते. महाराष्ट्रांतील कोळसा सगळा विदर्भांत आहे : चंद्रपूर, नागपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकांतच सुरू झाली होती व तिच्या कोळशासाठीं वर्ध्याहून आगगाडीचा फांटाही त्याच काळांत काढण्यांत आला. तेव्हां कोळशाचा व या भागांतील शेतकऱ्याचा शेजार कांहीं नवा नव्हे. शेजारी जुना असला तरी त्याची तहान किती आहे, हें मात्र आपण क्वचितच विचारतों. ही तहान तीन ठिकाणीं लागते : खाणींत, कोळसा धुण्याच्या कारखान्यांत व वीजकेंद्रांत.

प्रथम खाण घेऊं. भूगर्भांत जेथें कोळसा आहे, तेथें पाणीही आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांत कोळशाच्या थरांवर वालुकाश्माचा जाड थर आहे. त्यास भूगर्भशास्त्रज्ञ कामठी थर असें म्हणतात. हा खडक सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी त्यांत मुरून सांठून राहतें व त्याच सांठ्यावर भोंवतालच्या विहिरी चालतात. आतां उघडी खाण या थरांतून आरपार खालीं नेली म्हणजे काय होईल? उन्हाळ्यांत नदीच्या वाळूंत झिरा खणून पाणी काढतांना तुम्ही पाहिलें असेल. तुमच्या लहानशा झिऱ्याच्या शेजारीं कोणी दुसरा खोल झिरा खणला व त्यांतलें पाणी एकसारखें उपसूं लागला, तर तुमचा झिरा हळूहळू आटतो. खाणीचेंही असेंच आहे. खाण पाण्यानें भरून जाऊं नये म्हणून तींतील पाणी रात्रंदिवस पंपांनीं उपसावें लागतें. त्यायोगें सभोंवारच्या जमिनीखालील पाण्याची पातळी खाणीच्या दिशेनें उतरत जाते. खाणीजवळच्या विहिरी आधीं कोरड्या पडतात, दूरच्या मागाहून. त्या मुलाचे बाबा म्हणत होते तें असें.

उपसलेलें पाणी नाल्यांत सोडलें म्हणजे कोणास तरी तें मिळतेंच, असें कोणी म्हणेल. कांहीं अंशीं हें खरें आहे. परंतु पावसाळ्यांत मुरून उन्हाळ्यापर्यंत विहिरींत टिकणारें पाणी व आज नाल्यांतून वाहून जाणारें पाणी, यांचें मोल शेतकऱ्यास सारखें नाहीं. शिवाय वाहतें पाणी कोळशाच्या भुकटीनें काळें झालेलें असल्यास तें जनावरांच्याही उपयोगी पडत नाहीं.

दुसरी जागा कोळसा धुण्याच्या कारखान्याची. आपल्या देशांतील कोळशांत राखेचें प्रमाण फार असतें. तें कोठें शेंकडा तीस, तर कोठें चाळीस. दगडमाती वेगळी करून हें प्रमाण कमी करावें म्हणून कोळसा पाण्यानें धुतात. हें पाणी पुनः पुनः वापरतां येतें व चांगल्या कारखान्यांत तसें वापरतातही. पण जेथें हयगय होते, तेथें तें काळें पाणी ओढ्यानाल्यांस जाऊन मिळतें.

तिसरी व सर्वांत मोठी तहान वीजकेंद्राची. ती समजण्यास स्वयंपाकघरांतील एक अनुभव पुरेसा आहे. भात शिजतांना पातेल्यावरील झांकण वाफेच्या जोरानें उडूं लागतें. वीजकेंद्रांत असाच, पण अतिप्रचंड, वाफेचा जोर एका चक्रास फिरवितो व त्या चक्रापासून वीज उत्पन्न होते. काम करून थकलेली वाफ पुनः पाणी करून बाष्पपात्रांत परत न्यावी लागते. ती थंड करण्यासाठीं दुसरें पाणी नळ्यांतून खेळवितात. हें दुसरें पाणी तापतें व त्यास थंड करण्यासाठीं डमरूसारख्या आकाराच्या उंच मनोऱ्यांतून खालीं सोडतात. चंद्रपूर किंवा कोराडीकडे जातांना आगगाडीच्या खिडकींतून तुम्हीं हे मनोरे पाहिले असतील. त्यांच्या तोंडांतून जो पांढरा ढग निघतो, त्यास पुष्कळजण धूर समजतात. तो धूर नव्हे. धूर निघतो तो शेजारच्या उंच बारीक चिमणींतून. मनोऱ्यावरील पांढरा ढग म्हणजे धरणांतून आणलेलें पाणी होय. तें वाफ होऊन आकाशांत जातें व त्या गांवास कांहीं परत मिळत नाहीं.

याखेरीज राखेसाठीं पाणी लागतें. जळलेल्या कोळशाची राख पाण्यांत कालवून, चिखलासारखी करून, नळांनीं दूरच्या राखेच्या तळ्यांत नेण्याची रीत अनेक ठिकाणीं आहे. तळें भरलें किंवा त्याचा बांध फुटला म्हणजे ती राख शेतांत शिरते. तळें सुकलें म्हणजे वाऱ्याबरोबर उडून ती कपाशीच्या उमललेल्या बोंडांवर बसते.

आतां थोडें गणित करूं. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्यानें डिसेंबर २०१५ मध्यें असा नियम केला कीं, जुन्या वीजकेंद्रांनीं एक युनिट विजेमागें साडेतीन लिटरांहून अधिक पाणी खर्चूं नये. नव्या केंद्रांसाठीं ही मर्यादा प्रथम अडीच लिटरांची ठेविली होती. २०१८ सालीं ती वाढवून तीन लिटर करण्यांत आली. आपण तीन लिटर धरूं. एक हजार मेगावॅटचें केंद्र दिवसभर पूर्ण शक्तीनें चाललें, तर २ कोटी ४० लक्ष युनिट वीज होईल व तीस ७ कोटी २० लक्ष लिटर पाणी लागेल. खेड्यांतील एका माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें सरकारचें धोरण आहे. भागाकार केल्यास दिसून येईल कीं, एवढ्या पाण्यांत सुमारें तेरा लक्ष माणसांची एका दिवसाची गरज भागली असती. आणि चंद्रपूरचें एकटें केंद्र २,९२० मेगावॅटचें आहे.

हे आंकडे वाचून वीजकेंद्रें म्हणजे केवळ अनर्थ, असा समज कोणीं करून घेऊं नये. ज्या पंपानें शेतकरी ओलीत करितो तो पंप विजेवरच चालतो. ज्या दिव्याखालीं त्याचा मुलगा अभ्यास करितो तो दिवाही विजेचाच. खाणींवर व केंद्रांवर हजारों कुटुंबांचें पोट भरतें व आपल्या शाळेंतील कित्येक मुलांचे वडील तेथें नोकरीस आहेत. सगळ्या राज्यांतील पाण्याचा हिशेब केला, तर शेती हीच पाण्याचा सर्वांत मोठा वाटा घेते, हेंही खरें आहे. मग तक्रार कशाची? तक्रार एकूण पाण्याच्या बेरजेची नाहीं. एका विशिष्ट धरणांतलें, एका विशिष्ट ऋतूंतलें पाणी आधीं कोणास द्यावयाचें व तें कमी पडल्यास कोणीं थांबावयाचें, याची ती आहे.

कालव्याचें पाणी ज्यांनीं घेतलें आहे त्यांस हें सांगावयास नको. धरण भरलें तर पाण्याच्या पाळ्या अधिक मिळतात, कमी भरलें तर एकदोन पाळ्यांवरच भागवावें लागतें. पाळी सुटली म्हणजे मुखाकडील शेतांस आधीं पाणी मिळतें. शेपटाकडील शेतकरी रात्रीं कंदील घेऊन चारीवर वाट पाहात बसतो. म्हणून वरच्या बाजूस पाणी कमी झालें कीं त्याचा फटका सर्वांस सारखा वांटला जात नाहीं. तो प्रथम शेपटाकडील माणसास बसतो. वीजकेंद्राची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचा नळ थेट धरणास किंवा मोठ्या कालव्यास जोडलेला असतो व त्यास पाणी बाराही महिने लागतें. मे महिन्यांत विजेची मागणी मोठी असते आणि त्याच महिन्यांत संत्र्याच्या आंबिया बहाराचीं लहान फळें पाण्यावांचून गळूं लागतात.

या वादाचें एक उदाहरण अमरावती जिल्ह्यांत घडलें. मोर्शीजवळ सिंभोरा येथें वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे. तें १९९३ सालीं पूर्ण झालें. त्यांतील उपयुक्त सांठा सुमारें ५६४ दशलक्ष घनमीटर आहे. हें धरण मुख्यतः अमरावती व वर्धा या जिल्ह्यांतील कोरडवाहू जमीन भिजविण्यासाठीं बांधलें गेलें. अमरावती शहरासही त्याचेंच पाणी मिळतें. पुढें अमरावतीजवळील नांदगांवपेठ येथें कोळशावर चालणारें मोठें वीजकेंद्र काढण्याचें ठरलें व त्यास या धरणांतून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालें. म्हणजे उपयुक्त सांठ्याचा शेंकडा साडेपंधरा हिस्सा. योजना दोन टप्प्यांची होती. त्यांपैकीं १,३५० मेगावॅटचा पहिला टप्पा उभा राहिला.

मंजूर पाणी व प्रत्यक्ष वापरलेलें पाणी एकच नसतें, हें ध्यानांत ठेवावें. तरी मंजुरीचा अर्थ समजण्यासाठीं वर्गांतल्याप्रमाणें गणित करण्यास हरकत नाहीं. गव्हाच्या पिकास सबंध हंगामांत सुमारें ४५ सेंटिमीटर खोलीचें पाणी लागतें असें धरलें, तर एका हेक्टरास साडेचार हजार घनमीटर पाणी झालें. त्या हिशेबानें ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी म्हणजे सुमारें साडेएकोणीस हजार हेक्टर गव्हाचें पाणी. कालव्यांत जें पाणी झिरपून व आटून जातें तें वजा केलें, तरी कित्येक हजार हेक्टरांचा प्रश्न उरतोच.

हा भाग कोणता, हेंही पाहिलें पाहिजे. कपाशीचा भाव, कर्ज व पावसाचा लहरीपणा यांनीं येथील शेतकरी इतका खचला होता कीं, अनेकांनीं आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें. म्हणून २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती व वर्धा हे दोन्ही जिल्हे त्या सहांत होते आणि त्या मदतींतील मोठा भाग पाटबंधाऱ्यांचीं कामें पुरीं करण्यासाठीं होता. ज्या शेतास पाणी पोहोंचावें म्हणून एका हातानें पैसा दिला, त्याच शेताच्या धरणांतलें पाणी दुसऱ्या हातानें कारखान्यास दिलें, असें तेथील शेतकऱ्यांस वाटलें, तर त्यांस दोष कसा द्यावा? त्यांनीं मोर्चे काढले, सभा घेतल्या व न्यायालयांतही दाद मागितली.

या गोष्टीच्या मुळाशीं एक नियम होता. पाणी कमी पडल्यास तें कोणत्या क्रमानें वांटावें, हें सरकारी धोरणांत लिहिलेलें असतें. पहिला मान पिण्याच्या पाण्याचा, याविषयीं कोठेंच मतभेद नाहीं. परंतु महाराष्ट्राच्या २००३ सालच्या जलनीतींत दुसरा क्रमांक उद्योगधंद्यांस व तिसरा शेतीस दिलेला होता. राष्ट्रीय जलनीतींत मात्र शेती आधीं व उद्योग मागाहून असा क्रम होता. त्याच सुमारास मंत्र्यांच्या एका उच्चाधिकार समितीनें राज्यांतील अनेक धरणांतलें शेतीचें पाणी उद्योगांस व शहरांस देण्याचे निर्णय घेतले. त्यांत वीजकेंद्रांचाही वाटा होता. वास्तविक पाण्याच्या वांटपासाठीं २००५ सालीं कायदा होऊन स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याची तरतूद झाली होती. लोकांची ओरड वाढल्यावर २०११ सालीं सरकारनें क्रम बदलून शेतीस दुसरें स्थान दिलें. पण त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती करून पूर्वीं दिलेल्या मंजुऱ्या कायम राखल्या. म्हणजे नियम पुढच्यासाठीं बदलला, गेलेलें पाणी परत आलें नाहीं. मुलांनो, कागदावरील दोन शब्दांचा क्रम बदलल्यानें हजारों घरांचें नशीब कसें बदलतें, याचें हें उदाहरण नागरिकशास्त्राच्या तासास अवश्य आठवावें.

शेतकऱ्याचें पाणी घेऊन तरी वीजकेंद्र निश्चिंत होतें काय? मराठवाड्यांतील परळीचें उदाहरण पाहा. तेथील १,१३० मेगावॅटचें केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्यें पाण्याअभावीं संपूर्ण बंद करावें लागलें. त्या वर्षीं मराठवाड्यांत भयंकर दुष्काळ होता. जुलै २०१५ मध्यें पुनः तीच पाळी आली. मार्च २०१६ मध्यें बंगालमध्यें गंगेच्या कांठचें फरक्का येथील केंद्र, त्यास पाणी पुरविणाऱ्या कालव्याची पातळी उतरल्यामुळें, कांहीं दिवस बंद राहिलें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, कोळसा कितीही असला तरी पाण्यावांचून त्याची वीज होत नाहीं. दुष्काळांत शेतही सुकतें व दिवाही विझतो. तेव्हां पाणी जपून वापरण्यांत शेतकऱ्याचें जितकें हित आहे, तितकेंच वीज वापरणाऱ्या शहरवासीयाचेंही आहे.

यावर उपाय आहेत, व ते कल्पनेंतले नाहींत. पहिला उपाय नागपूरकरांनीं करून दाखविला आहे. शहराचें सांडपाणी भांडेवाडी येथें शुद्ध करून त्यांपैकीं दररोज सुमारें तेरा कोटी लिटर कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याची योजना तेथें उभी राहिली. जें पाणी नाग नदींत घाण होऊन वाहात होतें, तें मनोऱ्यांच्या कामीं आलें व तितका पेंच धरणावरील भार हलका झाला. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय धोरणानें तर, सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रापासून पन्नास किलोमीटरांच्या आंत असलेल्या वीजकेंद्रांनीं तेंच पाणी वापरावें, असें ठरविलें आहे. दुसरा उपाय खाणींच्या पाण्याचा. उपसावें तर लागतेंच. मग तें वाया कां घालवावें? नागपूर जिल्ह्यांत पाटणसावंगी येथें खाणींतलें पाणी शुद्ध करून पिण्यासाठीं देण्याचें काम झालें आहे. असें पाणी ज्यांच्या विहिरी आटल्या त्या गांवांस सर्वांआधीं मिळालें, तर तो उपकार नव्हे, परतफेड होय. तिसरा उपाय, राख कोरडी उचलून सिमेंट व विटांच्या कामीं लावणें. चौथा, पाण्याऐवजीं हवेनें वाफ थंड करणें. यास खर्च अधिक येतो व कोळसाही थोडा अधिक जळतो, परंतु पाणी फार वांचतें. आणि सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून होणाऱ्या विजेस तर पाणी जवळजवळ लागतच नाहीं. सूर्याच्या तावदानांवरील धूळ धुण्यापुरतें काय तें लागतें.

हे सर्व उपाय सरकारनें व कंपन्यांनीं करावयाचे आहेत. आपल्या हातीं काय आहे, असें पालक विचारतील. ज्यांचीं शेतें कालव्यावर आहेत त्यांनीं पाणीवापर संस्थेंत आपलें नांव घालून तिच्या सभांस जावें व धरणांतलें पाणी कोणास किती दिलें, याचा हिशेब लेखी मागावा. तो मागण्याचा अधिकार २००५ च्या माहितीच्या कायद्यानें प्रत्येकास दिला आहे. नव्या खाणीसाठीं किंवा केंद्रासाठीं जनसुनावणी निघाली, तर तेथें जाऊन केवळ नोकऱ्या किती, एवढेंच न विचारतां पाणी कोठून व उन्हाळ्यांत किती, हेंही विचारावें. उत्तर लिहून घ्यावें. तोंडी आश्वासनें पहिल्या पावसांतच वाहून जातात.

विद्यार्थ्यांसाठीं मी एक छोटा अभ्यास सुचवितों. महिनाअखेर घरीं विजेचें बिल आलें म्हणजे त्यांतील युनिटांच्या संख्येस तीननें गुणावें. आलेला आंकडा लिटरांचा समजून बिलाच्या मागील बाजूस लिहावा. घरीं शंभर युनिटें खर्च झालीं असलीं, तर तीनशें लिटर. म्हणजे पंधरा लिटरांच्या वीस बादल्या. हें पाणी तुमच्या घराच्या नळास आलें नाहीं, तुमच्या कोणी तें पाहिलेंही नाहीं, आणि बिलांत त्याची वेगळी ओळ नसते. परंतु तें कोठल्या तरी धरणांतून, कोठल्या तरी विहिरीच्या शेजारून आलेलें आहे. अनावश्यक दिवा मालविला म्हणजे पैसा वांचतो, एवढेंच आजवर मी वर्गांत सांगत आलों. आतां त्या वीस बादल्यांचीही आठवण देतों.

मागच्या बांकावरील तो विद्यार्थी यंदां नववींत गेला आहे. गांवीं आतां टँकरचें पाणी येतें, असें त्यानें सुटीनंतर सांगितलें. भूगोलाच्या परीक्षेंत 'वीज कशापासून होते?' असा प्रश्न आला, तर काय लिहावें, असें त्यानें मला विचारलें. मीं त्यास सांगितलें, "कोळसा आणि पाणी, असें दोन्ही लिही. गुण मी देईन."